पहिल्यांदा दर्ग्याला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गावात वेशीबाहेर लिंबाखाली पीराचं ठाणं होतं. माझी आजी दर गुरुवारी तिन्हीसांजेला तिथे ऊद घालून यायची. त्या पीराचं नाव काय, तो कुठला, कधी होऊन गेला, हे तिला माहीत नव्हतं आणि तिनं कधी कुणाला विचारलंही नाही. मी मात्र मोठी झाल्यावर विचारायला लागले आणि विचारत विचारत खुलताबादला पोचले. आता दर्ग्यांना जाणं हा माझ्या वर्षाचाच भाग झालाय. ओळखीचे लोक "आम्हालाही यायचंय, पण..." असं म्हणतात आणि त्या 'पण'नंतर जे जे विचारतात, ते इथे लिहून काढलंय. मी मुस्लिम नाही, धर्मशास्त्र शिकलेली नाही. त्यामुळे शास्त्राचा प्रश्न आला तिथे कोण काय मानतं एवढंच सांगितलंय.

मी मुस्लिम नाही. मला आत येऊ देतील का?

हो. आपल्याकडच्या बहुतेक दर्ग्यांत कुणी जात-धर्म विचारत नाही. खुलताबाद, अजमेर, दिल्लीचं निजामुद्दीन, गुलबर्गा, मुंबईतलं माहीम, हाजीअली ही सगळी ठिकाणं सर्वांना खुली आहेत आणि तिथे येणाऱ्यांत हिंदू भाविक मोठ्या संख्येनं असतात.

मराठी माणसाला तर यात परकं वाटायचं कारणच नाही. देहूहून तुकोबांची पालखी निघते, तेव्हा ती वाटेत अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते. तिथे अभंग होतो, आरती होते आणि मग पालखी पुढे जाते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना वारकऱ्यांनी 'कबीराचा शेखा' म्हणून आपल्या संतांच्या ओळीत बसवलं. शहाजीराजे आणि शरीफजी ही दोन नावं अहमदनगरच्या शाह शरीफ या पीराला मालोजीराजांनी केलेल्या नवसातून आली, अशी कथा तर आपण लहानपणापासून ऐकतो. ही वाट जुनीच आहे. मधल्या काळात आपण तिच्यावरून चालायचे कमी झालो, इतकंच.

दर्गा, मशीद, मजार, चिल्ला, यांत फरक काय?

मशीद नमाजासाठी. मजार म्हणजे कबर. एखाद्या सूफी संताच्या मजारीभोवती जो सगळा परिसर उभा राहतो, त्याला दर्गा म्हणतात. बहुतेक दर्ग्यांच्या आवारात मशीद असते, म्हणून गोंधळ होतो. 'चिल्ला' असं लिहिलेलं दिसलं तर तिथे कबर नसते. संतानं तिथे चाळीस दिवस एकांतात साधना केली असं मानतात.

पहिल्यांदा कुठे जावं?

मला विचाराल तर खुलताबादला. आपल्या अंगणात इतकं मोठं ठिकाण आहे आणि वेरूळची लेणी बघून त्याच्या शेजारून गाडी दामटत परतणाऱ्यांची मला दरवेळी हळहळ वाटते.

छत्रपती संभाजीनगरपासून खुलताबाद साधारण २५ किलोमीटर. वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो, मग घाट चढून गेलं की वेशीचा दरवाजा. जुनं नाव रौजा, आणि आजूबाजूच्या खेड्यांतली म्हातारी माणसं अजूनही रौजाच म्हणतात. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य मुंतजबुद्दीन, ज्यांना लोक 'जर जरी जर बक्ष' म्हणतात, ते इथे आले आणि १३०९ मध्ये इथेच वारले. पुढे १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकानं राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली. त्या लोंढ्यात मुंतजबुद्दीनांचे थोरले भाऊ बुऱ्हानुद्दीन गरीब दख्खनमध्ये आले. निजामुद्दीनांनी चौदाशे अवलिये दख्खनला धाडले, अशी आख्यायिका गावात सांगतात. आकड्याचं सोडा. गावातून चालताना दर पन्नास पावलांवर एक कबर दिसते, हे मात्र खरं.

बुऱ्हानुद्दीन १३३७ मध्ये गेले, त्यांच्यानंतर गादीवर आलेले जैनुद्दीन शिराझी १३६९ मध्ये. दोघांचे दर्गे समोरासमोर आहेत, मधून रस्ता जातो. खानदेशच्या फारुकी सुलतानानं तापीच्या एका काठाच्या गावाला बुऱ्हानपूर आणि समोरच्या काठाच्या गावाला जैनाबाद अशी नावं दिली, ती या दोघांचीच. तापीच्या दोन काठांवर गुरु-शिष्य आमनेसामने आणि खुलताबादच्या रस्त्याच्या दोन बाजूंनाही तेच. हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा मी रस्त्यातच थबकले होते.

जैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची कबर आहे. १७०७ मध्ये तो अहमदनगरजवळ वारला, पण जैनुद्दीन यांच्या पायाशी साधी माती मिळावी ही त्याची इच्छा होती. कबर उघड्यावर आहे, मातीत सब्जा लावलेला. संगमरवरी जाळी पुढे निजामाच्या काळात आली. बादशहाला मरणोत्तर 'खुल्द-मकान' म्हणजे स्वर्गात घर असलेला हा किताब मिळाला आणि त्यावरून रौजाचं खुलताबाद झालं. समोर बुऱ्हानुद्दीन यांच्या आवारात हैदराबादचा पहिला निजाम, आसफजाह, १७४८ मध्ये विसावला. हबशी म्हणून आलेला आणि मुघलांना आयुष्यभर झुंजवणारा मलिक अंबर (मृत्यू १६२६) याच गावात आहे. औरंगजेबानं ज्याचं गोवळकोंड्याचं राज्य घेऊन ज्याला दौलताबादेत कैदेत ठेवलं, तो तानाशाहही इथेच पुरलेला आहे. आणि ज्यानं निजामुद्दीनांची संभाषणं लिहून ठेवली म्हणून आज आपल्याला त्यांचा आवाज ऐकू येतो, तो अमीर खुसरोचा मित्र कवी अमीर हसन सिज्झीसुद्धा.

बुऱ्हानुद्दीन यांच्या दर्ग्यात फरशीत चांदीचे कोंब फुटायचे आणि त्यांतून दर्ग्याचा खर्च भागायचा, अशी कथा आहे. तिथले लोक फरशीतली ती जागा दाखवतात. मी ऐकून घेते, वाद घालत नाही.

जाण्यासाठी संभाजीनगरच्या बसस्थानकातून एसटी मिळते. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, त्यामुळे त्या दिवशी खुलताबादला गर्दी थोडी कमी असते. वेरूळ, घृष्णेश्वर, भद्रा मारुती, खुलताबाद, दौलताबाद असं सगळं एका दिवसात उरकायचा बेत कृपा करून करू नका. भद्रा मारुती त्याच गावात आहे, तिथे जरूर जा. निजलेल्या मारुतीचं दर्शन घेऊन दर्ग्याला येणारी कुटुंबं मी कितीदा तरी पाहिली आहेत.

आत गेल्यावर नेमकं काय करायचं?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्यामागची भीती मला समजते. आपण काहीतरी चुकीचं करू आणि कुणी ओरडेल, ही ती भीती. पहिल्या खेपेला मलाही होती.

चपला बाहेर काढा. डोकं झाका. मोठ्या दर्ग्यांत हौदावर किंवा नळावर हातपाय धुतात, तुम्हीही धुवा. उंबरठ्यावर पाय देऊ नका. बरेच जण उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावतात, तुम्हाला वाटलं तर लावा. मजारीच्या पायाच्या बाजूनं जवळ जायचं, डोक्याच्या बाजूनं घुसायचं नाही. मोठ्या माणसाला भेटायला गेल्यावर आपण त्याच्या उशाशी जाऊन उभे राहत नाही, तसंच. मुजावर, म्हणजे दर्ग्याचा सेवेकरी, मोरपिसांचा कुंचा डोक्यावरून फिरवेल, त्या वेळी मान थोडी झुकवली की झालं. मुस्लिम भाविक फातेहा, म्हणजे कुराणातली प्रार्थना, पढतात. तुम्ही ती पढावी अशी कुणाची अपेक्षा नसते. हात जोडले तरी चालतं, ओंजळ उघडी धरली तरी चालतं, नुसते उभे राहिलात तरी कुणी काही म्हणत नाही. नमाज चालू असेल तर नमाज पढणाऱ्याच्या समोरून जाऊ नका. थांबा किंवा मागून वळसा घ्या.

मागे फिरताना पाठ न दाखवता चार पावलं उलटं चालत येतात. यामागे एक जुनी आठवण आहे. बुऱ्हानुद्दीन यांनी आपल्या गुरूंच्या, म्हणजे निजामुद्दीनांच्या, वस्तीकडे, दिल्लीच्या गियासपूरकडे, जन्मात कधी पाठ केली नाही असं त्यांच्याबद्दल लिहून ठेवलंय. इतक्या लांब दौलताबादेत राहूनही. मी ते वाचलं आणि उलटं चालणं हा उपचार न राहता माझ्यासाठी वेगळंच काहीतरी झालं.

मग बाहेरच्या सोप्यात किंवा अंगणात येऊन बसा. खरं सांगायचं तर दर्ग्याला जाणं म्हणजे मुख्यतः हे बसणंच. आतली भेट दोन मिनिटांची असते. बाहेर लोबानचा वास येतो, कबुतरं असतात, कुणी आई मुलाला भरवत असते, कुणी भिंतीला टेकून डोळे मिटलेला असतो. कुणी तुम्हाला उठवत नाही.

कपडे कसे असावेत?

अंग झाकणारे, सैल. पुरुषांनी रुमाल किंवा टोपी, बायकांनी ओढणी किंवा पदर. साडी चालते. उन्हाळ्यात खुलताबादची फरशी दुपारी इतकी तापते की पाय पोळतात, म्हणून मोजे पिशवीत ठेवा.

बायकांना आत जाता येतं का?

जागेजागी वेगळं आहे. अजमेरला बायका मजारीपर्यंत जातात. दिल्लीला निजामुद्दीनमध्ये बायका आतल्या खोलीत जात नाहीत, जाळीपाशी बाहेर बसतात. इतर अनेक दर्ग्यांतही आतली खोली पुरुषांपुरती असते आणि तशी पाटी लावलेली असते.

हाजीअलीची गोष्ट माहीत असायलाच हवी. तिथे पूर्वी बायका आत जायच्या. मग २०११-१२ च्या सुमारास ट्रस्टनं मजारीच्या गाभ्यात त्यांना बंदी केली. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या नूरजहाँ सफिया नियाज आणि झकिया सोमण यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयानं २६ ऑगस्ट २०१६ रोजी ही बंदी घटनेच्या विरोधात असल्याचा निकाल दिला, ट्रस्टनं सर्वोच्च न्यायालयात तो मान्य केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बायका पुन्हा आत गेल्या. ही लढाई मुस्लिम बायकांनी लढली, हे मला फार मोलाचं वाटतं. बाहेरच्या कुणी येऊन त्यांना ते मिळवून दिलं नाही.

जिथे बंदी आहे तिथे काय करायचं? मला ती बंदी पटत नाही. तरी मी जाते, जाळीपाशी बसते, आणि कुणी मत विचारलं तर स्पष्ट सांगते. निजामुद्दीनमध्ये जाळीपाशी बसले की मला जहाँआराची आठवण होते. शाहजहानची ही लेक सूफी मार्गाची. तिची कबर त्याच आवारात, निजामुद्दीनांच्या मजारीपासून काही पावलांवर आहे, वरून उघडी, आणि मधल्या मातीत गवत. बायकांना ज्या खोलीत जाता येत नाही तिच्या इतक्या जवळ एक बाई साडेतीनशे वर्षांजवळ निजलेली आहे.

पाळी चालू असताना जावं का, हेही हळूच विचारलं जातं. रिवाजानुसार मुस्लिम बायका त्या दिवसांत आत जात नाहीत. अंगणापर्यंत येणं न येणं तुमच्यावर आहे.

चादर, फुलं घ्यायलाच हवीत का? पैसे किती द्यायचे?

काहीच घ्यायची सक्ती नाही. आजी चिमूटभर ऊद न्यायची. न्यायचंच असेल तर फुलं न्या. चादर, म्हणजे आपल्या खेड्यांतला गलेफ, नवस फेडताना चढवतात. पहिल्या भेटीला तिची गरज नाही. रेवड्या किंवा खोबरं-साखरेची शिरणी नेऊन फातेहा द्यायला सांगू शकता, मग ती तिथेच वाटायची.

पैशांबद्दल सावध राहा. एका मोठ्या दर्ग्यात मला बाजूला बसवून वही उघडली, नाव-गाव लिहून घेतलं, वरच्या ओळींतले हजारांचे आकडे दाखवले आणि "तुमची नियत किती?" असं विचारलं. मी संकोचानं, मनात नसताना मोठी रक्कम दिली आणि परतीच्या गाडीत तेच घोळत राहिलं. त्यानंतर मी एक ठरवून टाकलं. जे द्यायचं ते आधीच वेगळ्या खिशात ठेवते, दानपेटीत टाकते, आणि वही पुढे आली की "पेटीत टाकलंय, दुवा करा" म्हणते. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. मुजावर आणि खादिम पिढ्यान्‌पिढ्या ही सेवा करतात आणि नजराण्यावर त्यांचं घर चालतं, हेही खरं आहे. ज्यानं आपल्याला वेळ दिला, चार गोष्टी सांगितल्या, त्याच्या हातावर आनंदानं काही ठेवावं.

नवस बोलावा का? कबरीकडे मागणं इस्लाममध्ये चालतं का?

यावर मुसलमानांमध्येच मोठा मतभेद आहे आणि तो तुम्हाला तिथेच ऐकू येईल. देवबंदी आणि त्याहून अधिक अहले हदीस विचाराचे लोक कबरीपाशी मागणं नाकारतात. मागायचं ते फक्त अल्लाहकडे, नाहीतर ते शिर्क, म्हणजे अल्लाहच्या जोडीला दुसऱ्याला बसवणं. बरेलवी परंपरा म्हणते, आम्ही संताकडे मागत नाही, संताच्या वसिल्यानं, म्हणजे मध्यस्थीनं, अल्लाहकडे मागतो. पण कबरीपुढे सजदा करणं, म्हणजे जमिनीला माथा टेकणं, बरेलवींच्या अहमद रझा खान यांनीही हराम ठरवलं आहे. म्हणून तुम्ही लोटांगण घालायला गेलात आणि कुणी हात धरून उठवलं तर अपमान मानू नका. हिंदू भाविक म्हणून तुम्हाला सहसा कुणी अडवत नाही, पण त्यांच्या घरची ही मर्यादा आपण पाळलेली बरी.

नवसाचं म्हणाल तर जाळ्यांना बांधलेले हजारो दोरे बघून मला कधी नवसाची टिंगल करावीशी वाटली नाही. त्यांतला प्रत्येक दोरा कुणाच्या तरी आजारपणाचा, कर्जाचा, न झालेल्या मुलाचा आहे. मी स्वतः एकदाच बांधला, वडील रुग्णालयात होते तेव्हा. ते गेले. महिन्याभरानं मी पुन्हा गेले, काहीच मागितलं नाही, अंगणात दोन तास बसले. तेव्हापासून माझं मागणं सुटलं आणि जाणं वाढलं.

उरूस म्हणजे काय? तेव्हा जावं का?

'उर्स' हा अरबी शब्द, अर्थ लग्न. संताचं मरण म्हणजे त्याचं आपल्या प्रियाशी मीलन, म्हणून पुण्यतिथीला दुखवटा नाही, लग्नसोहळा. मराठीत त्याचा उरूस झाला आणि इतका आपला झाला की कितीतरी गावांत देवाच्या जत्रेलाही उरूसच म्हणतात. तुर्कस्तानात कोन्याला जलालुद्दीन रूमी १७ डिसेंबर १२७३ रोजी वारले. तिथे त्या रात्रीला 'शब-ए-अरूस', लग्नाची रात्र, म्हणतात. शब्द एकच.

उरसाच्या आदल्या दिवशी संदल निघतो, चंदनाचा लेप मिरवत आणून मजारीला लावतात. माहीमच्या मखदूम अली माहिमी यांच्या मेळ्यात पहिला मान मुंबई पोलिसांच्या संदलचा असतो. हे मखदूम बाबा (१३७२-१४३१) कुराणाचे मोठे भाष्यकार होते, त्यांना कोकणचा कुतुब, म्हणजे सर्वांत थोर संत, म्हणतात.

पहिल्या भेटीला उरूस टाळा. गर्दीत तुम्हाला फक्त गर्दी दिसेल. दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा उरसाला जरूर जा. खुलताबादचा जर जरी जर बक्ष यांचा उरूस रबीउल अव्वल महिन्यात असतो. त्याच महिन्याच्या १२ तारखेला, ईद-ए-मिलादला, जैनुद्दीन यांच्या दर्ग्यात जपलेला पैगंबरांचा पवित्र अंगरखा वर्षातून एकदा दर्शनासाठी काढतात.

पण तारीख कशी काढायची? दरवर्षी बदलते.

हिजरी वर्ष चंद्रावर चालतं आणि आपल्याकडच्यासारखा अधिक मास त्यात नाही. म्हणून प्रत्येक उरूस इंग्रजी कॅलेंडरात दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०२५ मध्ये ईद-ए-मिलाद ५ सप्टेंबरला होती. २०२६ मध्ये ती ऑगस्टच्या शेवटाकडे येते. चंद्रदर्शनानं एक दिवस इकडेतिकडे होतो, तेव्हा तिकीट काढताना दोन दिवस हाताशी ठेवा.

काही उरूस मात्र आपल्या पंचांगानं चालतात. कल्याणजवळच्या हाजी मलंगचा माघ पौर्णिमेला असतो. बिदरजवळ अष्टूरला अहमदशाह बहमनीचा उरूस हिंदू तिथीनं होतो आणि त्यात लिंगायत जंगमाला मान असतो, कारण तिथले लिंगायत त्याला अल्लमप्रभूंचं रूप मानतात.

कव्वाली कुठे ऐकायला मिळेल?

निजामुद्दीनला गुरुवारी संध्याकाळी. निजामुद्दीन औलिया १३२५ मध्ये गेले आणि त्यांचा लाडका शिष्य अमीर खुसरोही त्याच वर्षी. खुसरोची कबर समोरच आहे. आधी खुसरोला सलाम करून मग औलियांकडे जायचा रिवाज आहे. कव्वाली ही तिथे साधना आहे, तिचं खरं नाव समा, म्हणजे ऐकणं. टाळ्या वाजवून दाद देऊ नका. नोट द्यायची तर लोक आधी तिथल्या वडीलधाऱ्याच्या हाती देतात आणि ते ती कव्वालापुढे ठेवतात, हे बघून घ्या.

मी शाकाहारी आहे. तबर्रुक खाल्लं तर चालेल ना?

तबर्रुक म्हणजे प्रसाद. बहुतेकदा रेवड्या, साखरफुटाणे, मलिदा. अजमेरच्या दोन प्रचंड देगा, मोठी अकबरानं दिलेली आणि धाकटी जहांगीरनं, त्यांत तांदूळ, तूप, साखर, सुकामेवा आणि केशर असं गोडच शिजतं. मोठ्या देगेत एका वेळी चार हजार किलोहून जास्त अन्न तयार होतं. मांस त्यात नसतं. खेड्यांतल्या पीरांना कंदुरी करतात, ती बकऱ्याची असते. तिथे आधी विचारा. नको असेल तर "मी खात नाही, घरी नेतो" म्हणून गोड तेवढं घ्या. घेतलेलं टाकून मात्र देऊ नका.

काही दर्ग्यांत लोक घुमतात, किंचाळतात. भीती वाटते.

त्याला हाजिरी म्हणतात. बहुतेक ती माणसं आजारी असतात, मनानं किंवा परिस्थितीनं पिचलेली असतात. बघत उभं राहू नका आणि मोबाइल तर अजिबात काढू नका.

इथे मला थोडं कठोर बोलायचंय. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. तिथे मनोरुग्णांना साखळीनं बांधून ठेवलेलं होतं. २८ माणसं गेली, त्यांना पळताच आलं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मनोरुग्णाला साखळदंडात ठेवायला बंदी आहे. घरच्या माणसाला दर्ग्याला न्या, पण औषध बंद करू नका. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुवा' असा उपक्रम चालतो; मुजावर स्वतः रुग्णांना तिथल्याच मनोविकार डॉक्टरांकडे पाठवतात. मला यात श्रद्धेचा कुठेही कमीपणा दिसत नाही.

काही ठिकाणी वाद आहेत. जावं की नाही?

जावं, पण बातमी बघून. हाजी मलंग हा दर्गा की मच्छिंद्रनाथांची समाधी, हा वाद जुना आहे; तिथली वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडे आहे. औरंगजेबाची कबर हटवायच्या मागणीवरून मार्च २०२५ मध्ये राज्यात तणाव झाला, नागपुरात हिंसाचार झाला आणि खुलताबादला बंदोबस्त बसला. कबर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. ओळखपत्र जवळ ठेवा, पोलिसांनी विचारलं तर शांतपणे सांगा. औरंगजेबाबद्दल मराठी मनात जे आहे ते माझ्याही मनात आहे. मी त्या आवारात जाते ती जैनुद्दीन यांच्यासाठी. ते औरंगजेबाच्या साडेतीनशे वर्षांआधीचे आहेत.

मक्का-मदिनेला जाता येईल का?

मुस्लिम नसाल तर मक्केत प्रवेश नाही, आणि मदिनेत मस्जिद-ए-नबवीच्या परिसरात नाही. हज हे मुसलमानाचं कर्तव्य आहे, ऐपत आणि प्रकृती असेल तर आयुष्यात एकदा. दर्ग्याची जियारत, म्हणजे दर्शनाला जाणं, ही ऐच्छिक, प्रेमाची गोष्ट. "अजमेरला सात वेळा गेलं की एक हज" असं कुणी सांगितलं तर त्याला धर्मात आधार नाही. परदेशात जायचं मनात असेल तर कोन्याला जा. रूमींचा दर्गा १९२७ पासून संग्रहालय आहे, तिथे सर्वांना प्रवेश आहे, आणि मजारीपुढे हात उघडे धरून उभे असलेले लोक तरीही दिसतात.

हाजीअलीला वेगळं काही लक्षात ठेवायचं का?

भरतीची वेळ. दर्गा समुद्रात आहे आणि किनाऱ्यापासूनची वाट भरतीत पाण्याखाली जाते, पावसाळ्यात तर जास्तच. निघण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा.

फोटो काढू का?

अंगणात, इमारतीचे, विचारून. मजारीचे आणि दुवा मागणाऱ्या माणसांचे नको.

मी देव मानत नाही. मी जाऊन काय करू?

बसा. माझ्याबरोबर एक मैत्रीण येते, कशावरच विश्वास नसलेली. ती तीन तास भिंतीला टेकून बसते आणि घरी जाताना माझ्याहून कमी बोलते.

एका दिवसात किती दर्गे करावेत?

एक. खुलताबादला फार तर तीन, कारण ते जवळजवळ आहेत. सकाळी लवकर बुऱ्हानुद्दीन, मग रस्ता ओलांडून जैनुद्दीन, ऊन उतरल्यावर जर जरी जर बक्ष. मधली दुपार गावात काढा, सावलीत. दुकानदारांशी बोला, दख्खनी आणि मराठी यांची जी सरमिसळ त्या गावात ऐकू येते ती दुसरीकडे मिळणार नाही.

मजारीवरची फुलं देतात. घरी आणून त्यांचं काय करायचं?

मुजावर मूठभर पाकळ्या देतो, त्या रुमालात बांधून आणतात. काही जण पुस्तकात ठेवतात, काही जण पाण्यात सोडतात. कचऱ्यात टाकत नाहीत. आजी आणायची तेव्हा ओट्यावर थांबायची, पाय धुवायची आणि पाकळ्या तुळशीच्या बुडाशी मातीत दाबायची. मीही तेच करते.